खिडकी घेताना काच नंतर, सावली आधी

मागच्या आठवड्यात बाह्यरुग्ण विभागात एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन आले. आईंचे वय बहात्तर, रक्तदाब आणि मधुमेह जुनाच. गेल्या मे महिन्यात त्यांना उष्णतेच्या त्रासामुळे दोन दिवस दाखल करावे लागले होते. त्या उन्हात कुठे गेल्या नव्हत्या. कल्याण रोडवरच्या जुन्या इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या खोलीत, रात्री झोपेतच त्यांची तब्येत बिघडली होती. आता कुटुंबाने काल्हेरला नवीन फ्लॅट घेतला आहे. तपासणी झाल्यावर मुलाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. ते खिडक्यांचे कोटेशन होते. "डॉक्टरसाहेब, भाचा जर्मनीत असतो. तो म्हणतो, डबल काचेच्या खिडक्या घ्या, घर गार राहतं. दुकानदारही तेच म्हणतो. पैसे बरेच आहेत, पण आईसाठी घ्यायच्या का?"

खिडकीचा प्रश्न डॉक्टरला विचारला म्हणून शेजारी बसलेला विद्यार्थी हसला. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. उष्माघात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उघड्यावरचे ऊन येते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात जे घडले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. पण म्हातारी माणसे, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, बाळंतीण आणि तान्ही मुले उन्हात जात नाहीत. त्यांना ऊन घरात येऊन गाठते, आणि ते येते छतातून, भिंतीतून आणि सगळ्यात सहज खिडकीतून.

हा प्रश्न आत्ताच इतका का वाढला, याला कारणे आहेत. भारतीय हवामान विभागाच्या नोंदीनुसार २०२४ हे १९०१ पासूनचे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण आराखड्यात तेव्हा देशातल्या सुमारे ८ टक्के घरांत एसी असल्याचे म्हटले होते आणि २०३७-३८ पर्यंत हे प्रमाण ४० टक्क्यांवर जाईल असा अंदाज होता. भिवंडीत मेट्रो ५ च्या मार्गालगत, कशेळी-काल्हेर पट्ट्यात आणि अंजूरफाट्याच्या आसपास टॉवर उभे राहत आहेत. त्यांच्या जाहिरातीत मोठमोठ्या काचा असतात. आधी काच लावायची, मग खोली तापली की एसी लावायचा, आणि एसी लावला की खिडकी कायमची बंद करायची, असा हा क्रम आहे. विजेच्या बिलाइतकाच तो प्रकृतीलाही महाग पडतो.

एका खिडकीचा हिशेब

दुहेरी काचेने घर गार राहते का, याचे उत्तर शाळेतल्या विज्ञानाने देता येते. चार फूट बाय चार फूट खिडकी घेऊ. तिचे क्षेत्रफळ साधारण दीड चौरस मीटर. ती पश्चिमेला आहे आणि एप्रिल-मेची दुपारची चारची वेळ आहे. अशा वेळी तिच्यावर दर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन पडते असे धरले, तर ते जास्त होणार नाही. साधी पारदर्शक काच त्यातले सुमारे ८० टक्के आत सोडते. म्हणजे खोलीत ६०० वॅटचा हीटर लावून ठेवल्यासारखे झाले. हे ऊन फरशीवर, गादीवर, भिंतीवर पडून उष्णता होते, आणि ती उष्णता काचेतून तशीच परत बाहेर जात नाही. उन्हात उभी असलेली बंद मोटार आतून तापते, तेच इथे होते.

उष्णता आत येण्याची दुसरी वाट म्हणजे बाहेरची हवा गरम आणि आतली गार असल्यामुळे काचेतून झिरपणारी उष्णता. दुहेरी काचेचा खरा उपयोग ही वाट अडवण्याचा. बाहेर ३६ अंश आणि एसी लावलेल्या खोलीत २८ अंश असेल, तर याच खिडकीतून एकेरी काच असताना साधारण ७० वॅट आत येतात, साध्या दुहेरी काचेतून ३५. वाचले ३५ वॅट. थेट ऊन मात्र साधी दुहेरी काच थोडेसेच अडवते. ६०० वॅटच्या हीटरपुढे ही बचत किरकोळ आहे. आणि एसी नसेल, आत-बाहेर तापमान सारखेच असेल, तर हे ३५ वॅटही वाचत नाहीत.

भाच्याचा सल्ला जर्मनीसाठी अगदी बरोबर आहे. तिथे हिवाळ्यात बाहेर शून्याखाली आणि घरात २० अंश असतात. फरक वीस-पंचवीस अंशांचा, तोही महिनोन्‌महिने. घरातली ऊब कोंडून ठेवणे हे तिथल्या खिडकीचे काम, आणि खिडकीतून येणारे ऊन तिथे पाहुण्यासारखे हवेहवेसे. आपल्याकडे खिडकीला उलटे काम करायचे असते. ऊन बाहेरच थांबवायचे, वारा आत घ्यायचा आणि घरात साठलेली उष्णता बाहेर घालवायची.

ऊन अडवणारी काचही मिळते. विक्रेत्याकडच्या माहितीपत्रकात 'एसएचजीसी' नावाचा आकडा असतो. पडलेल्या उन्हापैकी किती उष्णता आत येते, ते तो सांगतो. साध्या काचेचा आकडा ०.८ च्या आसपास, चांगल्या लेपाच्या काचेचा ०.३ च्या जवळपास. दुसरा आकडा 'यू-व्हॅल्यू', म्हणजे झिरपणाऱ्या उष्णतेचा. दुकानदार बहुधा हा दुसराच पुढे करतात. आपल्या हवेत पहिला विचारायचा. मात्र काळी फिल्म किंवा आरशासारखी काच लावून दिवसाढवळ्या दिवे लावावे लागत असतील, तर त्यात शहाणपण नाही. म्हणून 'व्हीएलटी', म्हणजे उजेड किती येतो, हा तिसरा आकडाही पाहावा. राष्ट्रीय नियमावलीत, भिंतीच्या तुलनेत खिडक्या ३० टक्क्यांपर्यंत असतील, तर तो किमान ०.२७ असावा असे म्हटले आहे.

पण या सगळ्यांपेक्षा स्वस्त आणि गुणकारी उपाय म्हणजे खिडकीच्या बाहेर सावली. बाहेरून ऊन अडवले आणि तीन चतुर्थांश जरी थांबले, तरी ६०० चे १५० वॅट होतात. घरातल्या जाड पडद्याने तसे होत नाही, कारण पडद्यापर्यंत पोहोचलेले ऊन काच ओलांडून आत आलेलेच असते. तापलेला पडदा मग खोलीच तापवतो.

पश्चिमेचे ऊन, पश्चिमेचा वारा

दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा असला, तरी बरेच काम भागते. भिवंडी १९ अंश अक्षांशाच्या थोडी वर आहे. मेच्या मध्यावर आपण शून्य सावली दिवस पाहतो, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. डोक्यावरचे ऊन छज्जा सहज अडवतो. पूर्व आणि पश्चिमेला सूर्य तिरपा असतो, तिथे नुसता छज्जा पुरत नाही. तिथे उभी आडोशाची पट्टी, तिरप्या पट्ट्यांची झडप, बांबूच्या चिका, किंवा अगदी नर्सरीत मिळणारी हिरवी जाळी लागते.

यात कोकणपट्टीची एक अडचण आहे, आणि काचेच्या जाहिरातीत ती कधी येत नाही. दुपारनंतर खाडीकडून, समुद्राकडून येणारा वारा पश्चिमेकडूनच येतो. ज्या बाजूने सर्वांत त्रासदायक ऊन येते, त्याच बाजूने सुखाची झुळूक येते. कितीही महागाची काच असली, तरी ऊन अडवायला ती बंद ठेवावी लागते, आणि बंद केली की वाराही थांबतो. चिका आणि झडपा मात्र ऊन गाळून वारा आत सोडतात. आपल्या जुन्या कौलारू घरांची पडवी हेच करत असे.

दमट हवेत वाऱ्याचे महत्त्व डॉक्टर म्हणून मला अधिक वाटते. शरीर स्वतःला गार करते ते घाम सुकवून. हवेतच पाणी भरलेले असेल, तर घाम नुसता ओघळतो, सुकत नाही. हलती हवा घाम सुकवायला मदत करते, त्यामुळे तापमान तेच असले तरी अंगाला दोन-तीन अंश कमी वाटते. रात्रीची गोष्ट याहून महत्त्वाची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री नऊ-दहा वाजल्यापासून खोलीत उष्णता सोडत राहतो. बाहेर हवा गार झालेली असते आणि आत भट्टी असते. अशा वेळी खिडकी बंद असेल, तर हृदयाला आणि मूत्रपिंडाला रात्रीचीही विश्रांती मिळत नाही. लघवी जास्त होण्याची गोळी, रक्तदाबाची काही औषधे, मानसिक आजारांवरची काही औषधे घेणाऱ्यांना हा ताण लवकर बाधतो. त्या आजींचे तेच झाले होते.

खिडकी किती उघडते?

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी आहे. तिच्यात उष्ण-दमट हवामानासाठी एक साधा नियम आहे. खिडकीचा उघडणारा भाग घराच्या चटईच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावा. राष्ट्रीय इमारत संहितेतही अशा हवामानासाठी एक षष्ठांशच आहे. नियमातला 'उघडणारा' हा शब्द महत्त्वाचा आहे.

आता आपल्या घरात टेप घेऊन मोजून पाहा. खोली दहा बाय बाराची, म्हणजे १२० चौरस फूट. एक षष्ठांश झाले २० चौरस फूट. खिडकी चार बाय चारची, १६ चौरस फूट. ती सरकती असेल, तर एका वेळी अर्धीच उघडते. राहिले ८ चौरस फूट. त्यावर डासांची जाळी, जाळीत सुताचे बारीक तंतू आणि धूळ अडकलेली. बाहेर बॉक्स ग्रील, त्यात कुंड्या, बादल्या आणि जुने डबे. वारा यावा तरी कुठून? सरकत्या खिडकीऐवजी दारासारखी उघडणारी खिडकी घेतली, तर त्याच भोकातून जवळजवळ दुप्पट हवा येते. काच बदलण्याआधी ही गोष्ट बदलायला हवी.

छज्जा नसल्याचा त्रास पावसाळ्यातही होतो. सपाट दर्शनी भागाच्या हौसेपायी नव्या इमारतींचे छज्जे गेले. झड आत येते म्हणून चार महिने खिडक्या बंद. मग भिंतींना ओल, ओलीवर बुरशी, आणि ऑगस्टमध्ये दम्याची मुले आमच्या दवाखान्यात.

खिडकी आणि क्षय

घराच्या खिडकीचा आजाराशी असलेला संबंध मुंबईने फार पूर्वी ओळखला होता. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला, लोक कोंदट चाळींत मेले, आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. उजेड आत यावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम आला. त्याचा सोपा अर्थ असा, की इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा खिडकीसमोर हवी.

शंभर वर्षांनी आपण तो धडा विसरलो. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत बहुमजली इमारती जेमतेम तीन मीटर अंतरावर उभ्या केल्या. जुन्या नियमाने एकवीस मीटर उंच इमारतीसमोर दहा मीटर जागा लागली असती. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या दोन वसाहतींमध्ये क्षयाचे प्रमाण जवळच्याच, पण मोकळ्या रचनेच्या पीएमजी वसाहतीपेक्षा बरेच जास्त आढळले. खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

पेरू देशातल्या लिमा शहरात रुग्णालयांतला असा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व खिडक्या-दारे उघडल्यावर खोलीतली हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या आधुनिक खोल्यांत ती तासाला १२ वेळा बदलते. जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डात तर हवा त्याहूनही चांगली खेळत होती. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत तरंगत राहतात. हवा बदलली की ते विरळ होतात. बंद काचेतून येणाऱ्या उन्हावर विसंबू नये, कारण साधी काच उन्हातली उपयोगी अतिनील किरणे बरीचशी अडवते. बंद खिडकीतून उष्णता तेवढी मिळते. जंतू मारण्याचे आणि 'ड' जीवनसत्त्व देण्याचे काम तिच्यातून होत नाही.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. भिवंडीत यंत्रमागावरचे कारागीर एकाच खोलीत पाळीपाळीने झोपतात. एकाची पाळी सुटते तेव्हा दुसऱ्याची सुरू होते. ती खोली चोवीस तासांत कधीच रिकामी नसते आणि मागांच्या आवाजामुळे तिची खिडकीही कधी उघडत नाही.

बंद खोलीतले धोके

स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो, असा अनेकांचा समज आहे. तो खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. चौघेजण घट्ट बंद खोलीत रात्रभर झोपले, की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सकाळी डोके जड होते. एकाला फ्लू असेल तर तो चौघांना होतो. एसी जरूर वापरा, म्हाताऱ्या माणसांसाठी तर तो औषधच आहे, पण २६-२७ अंशांवर, सोबत पंखा लावून, आणि खिडकीची एक फट उघडी ठेवून. झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर पंधरा मिनिटे आरपार वारा खेळू द्या.

खरा जिवाचा धोका गॅस गीझरचा. नवी घट्ट बसणारी खिडकी बसवताना न्हाणीघराची जुनी पट्ट्यांची खिडकी काढून टाकतात. बंद जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. न्हाणीघराची आणि स्वयंपाकघराची हवा जाण्याची वाट कोणत्याही कारणाने बुजवू नका. आणि गॅस गीझर असलाच, तर तो न्हाणीघराच्या बाहेर हवा.

मग करायचे काय?

सर्वांत वरचा मजला असेल, तर खिडकीआधी छताकडे पाहा. गच्चीला चुना किंवा पांढरा परावर्तक रंग लावणे हा पहिला खर्च असावा. त्यानंतर पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली. मग खिडकी अधिक उघडेल अशी रचना. दाराच्या वर जाळीचा झरोका असला, तर एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीतही वारा आरपार जातो. एवढे झाल्यावर पैसे उरले आणि एसीचा वापर मोठा असेल, तर पश्चिमेच्या खिडकीपुरती कमी 'एसएचजीसी'ची काच घ्या.

दुहेरी काचेला भिवंडीत एक जागा आहे, ती आवाजासाठी. यंत्रमागाला किंवा नाशिक महामार्गाला लागून घर असेल आणि आवाजाने झोप होत नसेल, तर त्या एका बाजूला दुहेरी काच बसवावी आणि हवा दुसऱ्या बाजूने घ्यावी.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी बाहेरून चिका किंवा हिरवी जाळी बांधावी आणि डासांची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी. खिडकी उघडण्याचा नियम सोपा आहे. बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तेव्हा उघडा, म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत. भर दुपारी सावली करून अर्धवट लावून घ्या. ग्रीलला आतून उघडणारी झडप ठेवा. आग लागली तर तीच वाट. आणि जुन्या इमारतीत खिडकी मोठी करायला भिंत फोडण्यापूर्वी अभियंत्याला विचारा. २०२० मध्ये जिलानी इमारत कोसळली, ते या शहराने पाहिले आहे.

पण बहुतेकांच्या घराची खिडकी त्यांनी स्वतः निवडलेली नसते. ती बिल्डर, वास्तुविशारद आणि नकाशा मंजूर करणारे कार्यालय यांनी निवडलेली असते. भिवंडीतल्या अनेक जुन्या, धोकादायक इमारतींचा पुनर्विकास होणार आहे, तो व्हायलाच हवा. नकाशा मंजूर करताना खोलीचे क्षेत्रफळ मोजतात, तसा खिडकीचा उघडणारा भाग आणि समोरच्या इमारतीचे अंतर काटेकोरपणे मोजले, तर पुढची पन्नास वर्षे क्षयाच्या आणि उष्णतेच्या वॉर्डातले काही पलंग रिकामे राहतील. गोवंडीची चूक इथे पुन्हा होऊ नये यासाठी लागणारा खर्च फक्त जागेचा आहे, आणि बिल्डर ती आपणहून सोडत नाही.

त्या गृहस्थांना मी कागदावर खोल्यांचा नकाशा काढायला सांगितला. आईंची खोली पश्चिमेला होती, कारण ती मोठी आणि रस्त्याकडची. पूर्वेची खोली लहान, पण तिला दोन बाजूंनी खिडक्या. मी म्हटले, आईंना तिथे झोपवा. पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून छज्जा आणि चिका लावा, सरकत्याऐवजी उघडणाऱ्या खिडक्या घ्या, आणि उरलेल्या पैशांत चांगला पंखा आणा. त्यांनी कोटेशनच्या मागेच सगळे लिहून घेतले. आजी इतका वेळ गप्प होत्या. उठता उठता म्हणाल्या, "आमच्या गावच्या घराला पडवी होती. तिथं कधी असं झालं नव्हतं."